पुरती पसरायला जागा

“पल्लवी, आदी घोंगडी आंथरून बघू. मग व्हय म्हण त्यास्नी.”

हरणाबाई एवढंच म्हणाली होती. पण समोर बिल्डरचा माणूस उभा होता आणि पल्लवी अवघडून गेली. “आत्या, असू द्या, इथं बरं दिसत नाही,” असं हळूच म्हणत तिनं सासूच्या हातातलं गाठोडं आपल्या काखेत घेतलं.

मित्रांनो, त्या गाठोड्यात मी होते. मी एक जुनी घोंगडी आहे. अंगानं काळी, काठाला पांढरी पट्टी, आणि एका कोपऱ्याला चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक.

माझा जन्म जतकडच्या माळावरचा. हरणाबाईच्या नवऱ्यानं, बिराप्पानं, मेंढ्यांची लोकर कातरली. हरणाबाईनं ती पिंजली, कातली. सनगरानं मागावर मला विणलं आणि चिंचोक्याची खळ पाजली. ती वाळली तेव्हा मी इतकी ताठ झाले, की बिराप्पा हसून म्हणाला, “ही आपल्याला पुरून उरंल गं.” त्याच्या बाबतीत ते खरं झालं. बिराप्पा गेला, पुढं मेंढरंही विकली. मी मात्र राहिले.

तोवर मी पुष्कळ कामाला आले. पावसात मी डोक्यावरची खोळ व्हायचे, थंडीत अंगाखालचं अंथरूण. हरणाबाईचा एकुलता एक अमृत माझ्यावरच रांगायला शिकला. वस्तीवर बैठक भरली की मलाच मागणं यायचं. कारण आमच्या वस्तीची एक रीत होती. आलेल्या माणसाला घोंगडी पुरती पसरून द्यायची. घडी घालून पुढं केली, तर त्याचा अर्थ एकच, आता ऊठ आणि वाट धर. हे तोंडानं कुणी कुणाला सांगत नसे. लहानपणापासून सगळ्यांना ते ठाऊकच असायचं.

पल्लवीला ते ठाऊक नव्हतं. ती उंब्रजची, हायवेच्या कडेच्या घरात वाढलेली, कॉलेज शिकलेली. तिच्या माहेरी गाद्या आणि चादरी. अमृत सैन्यात, कायम लांब. आई, बायको आणि तान्ही राणी एका छपराखाली असावीत, म्हणून त्यानं सांगलीत फ्लॅट बघायला सांगितलं आणि सगळा भार पल्लवीवर पडला. पोरगी तशी फार जपणारी. गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बघणार, झोपलेल्या राणीच्या नाकाशी बोट धरून बघणार. पण बिल्डरच्या माणसानं “साडेआठशे फूट” म्हटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. नकाशात एक तिसरी, छोटी खोली होती. तिच्यात तिनं पेन्सिलीनं ‘आत्या’ असं लिहिलं.

त्या दिवशी आम्ही उभ्या होतो ती तसलीच खोली होती, खालच्या मजल्यावरची, नुसत्या विटांची. तिथं मला पसरलं असतं तर सगळं तेव्हाच कळलं असतं.

कारण त्या साडेआठशे फुटांत जिना होता, लिफ्टपुढची जागा होती, बाल्कनी होती, बाहेरच्या भिंतींची जाडीसुद्धा होती. सगळ्यांनी मिळून वापरायच्या जागेचा थोडा थोडा वाटा प्रत्येक घराच्या आकड्यात मिसळलेला होता. दाराच्या आत, पायाखाली राहते त्या जागेला चटई क्षेत्र म्हणतात. ते यापेक्षा बरंच कमी होतं, आणि त्यातही आतल्या भिंती धरलेल्या. करारात ते वेगळं लिहिलं होतं, पण तोंडी सगळे मोठाच आकडा बोलत. आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, जिन्यात मला कोण अंथरणार? भिंतीच्या जाडीत कोण झोपणार?

किल्ली मिळाली, रंगाचा वास गेला आणि हरणाबाई राहायला आली. छोट्या खोलीत एक कपाट आधीच बसलं होतं. खोलीचं दार आत उघडायचं. मला पसरावं तर दार उघडेना, दार उघडावं तर मी मावेना. दार लावून घेतलं तर म्हातारीला गुदमरायचं आणि रात्री राणी रडली तर ऐकू यायचं नाही. पल्लवीनं विचार केला आणि मला दुहेरी घडी घालून अंथरलं. तेवढंच मऊही लागेल, असं तिला वाटलं.

हरणाबाई त्या घडीकडे बघत उभी राहिली. मग काठावर टेकली.

थोड्याच दिवसांत तिनं शेळीचं निमित्त काढलं. वस्तीवर शेळीला बघायला कुणी नाही म्हणाली. पल्लवीनं थांबा म्हटलं, पण निरोप देताना बायका म्हणतात तसंच ते हरणाबाईला वाटलं असावं. जाताना तिनं मला हात लावला. “ही राणीला ऱ्हाऊ दे,” म्हणाली.

मी गेले बाथरूमवरच्या माळ्यावर, रिकाम्या सुटकेसच्या बाजूला. खाली राणीचे बोबडे बोल ऐकू यायचे, कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. माझ्या अंगाचा मेंढराचा वास हळूहळू उतरला आणि फिनेलचा चढला. आयुष्यभर माणसांखाली राहिलेल्या मला, माणसांच्या वर राहून किती एकटं वाटतं, ते तेव्हा समजलं. वस्तीवर हरणाबाई मोकळ्या जमिनीवर कशी झोपत असेल?

काल तिनं फोन उचलला नाही. आज सकाळीही नाही. पल्लवीनं अमृतच्या चुलतभावाला, आकारामला, फोन लावला. तो वस्तीवर पाण्याचा टँकर नेतो, पण आज वडूजला होता. गेल्या खेपेला काकू फार गप्प दिसली, असं तो म्हणाला. विचारलं तर सुनेनं घडी घालून दिली एवढंच बोलली.

“म्हणजे काय, भावजी?”

“आवं वैनी, घडी म्हंजी ऊट, जा. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

पल्लवीनं फोन ठेवला. मग स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं.

दुपारी सुतार आला. दार आता बाहेर उघडतं. कपाट हॉलमध्ये गेलं, तिथं येताजाता अडतं, पण अडू दे. पल्लवीनं मला जमिनीवर सोडलं, चारही कोपरे हातानं सारखे केले. माझा एक काठ भिंतीला टेकला, दुसरा उंबऱ्याला. जेमतेम, पण पुरती. राणी भोकाच्या कोपऱ्यापासून माझ्यावर रांगत आली, अगदी तिच्या बापासारखी. पल्लवीनं पुन्हा फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

आत्ता ती राणीला कडेवर घेऊन स्टँडवर गेली आहे. पण जतची गाडी कधी मिळेल, कुणास ठाऊक.

मित्रांनो, घर बघायला जाल तेव्हा आत किती अंथरता येईल ते विचारा, आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला गप्प करू नका. पण हे नंतर. आधी एक करा. तुमच्यापैकी कुणी जतच्या बाजूला असाल, तर बिरोबाच्या देवळापलीकडं पत्र्याच्या घरात हरणाबाई राहते. जरा जाऊन बघा. दार लगेच उघडलं नाही तरी थांबा, ती हळू चालते. आणि तिला सांगा, सांगलीत घोंगडी पुरती पसरली आहे.