चिरलेल्या फळाचा विटाळ

जानकाबाईंनी कोठीची किल्ली धुरपताबाईंच्या पदराला बांधली, धुरपताबाईंनी गुणाबाईंच्या, आणि गुणाबाई ती आपल्या थोरल्या सुनेच्या, वच्छलेच्या, पदराला बांधतील, हे गावात कोणाला सांगावे लागत नव्हते. वैनगंगेच्या काठी, सावली गावापासून कोसभरावर असलेल्या त्या घराचा तसा रिवाजच होता. अक्षयतृतीयेला पितरांच्या नावाने घागरी भरायच्या, त्यांवर खरबूज आणि आंबा ठेवायचा, पंगत बसवायची, आणि सासूच्या मनात आले असेल तर त्याच दिवशी किल्ली हलायची. सरकारने मालगुजारी काढून घेतली तेव्हा घरातले पुरुष महिनोन्‌महिने खिन्न होते. बायकांनी फारसे मनाला लावून घेतले नाही. कोठीची किल्ली तर जागेवर होती. धान, गूळ, तूप, मीठ तिच्या कुलपाआड होते, आणि कोणाला आधी, कोणाला मागून, कोणाला उंबऱ्याच्या आत आणि कोणाला बाहेर, हे त्या किल्लीची धनीण ठरवीत असे.

होळी झाली आणि गुणाबाई एके दिवशी म्हणाल्या, "यंदाच्या अक्षयतृतीयेले किल्ली देऊन टाकीन."

कोणाला, ते त्या बोलल्या नाहीत. आणि त्या न बोललेल्या एका शब्दाने वच्छलेच्या काळजात काटा मोडला.

दोष द्यायचाच तर तो रंभेला द्यावा लागेल, असे वच्छलेला वाटे. रंभा ही धाकटी सून, नागपूरहून आलेली. गाणे गुणगुणत भाकरी थापणारी, आणि दर वाक्याला "आमच्या नागपुरात" म्हणणारी. ती येईपर्यंत त्या घरचा उन्हाळा वच्छलेचा होता. चुलीच्या गरम राखेत कैऱ्या पुरून तिने केलेले पन्हे, त्यात गूळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, यासाठी चामोर्शीचे पाहुणे नदीची तापलेली वाळू तुडवीत यायचे. मग गेल्या वैशाखात रंभेने एक नवाच पदार्थ केला. दूध आटवून निम्मे केले, मडक्यात ओतले, मडक्याला ओले फडके गुंडाळून ते वाऱ्याच्या तोंडाशी ओल्या वाळूत बसवले. दूध गारठल्यावर त्यात नदीच्या वाळूतल्या वाडीचे खरबूज चिरून घातले, जंगलातल्या खिरण्या बी काढून घातल्या, गोड आंब्याच्या फोडी आणि केळी अगदी शेवटी, कारण आंबट फोड दूध फाडते आणि केळे काळे पडते. वरून चारोळी. नाव सांगितले 'फ्रूट सॅलड'. गावाने त्याचे 'सलाट' केले.

वच्छला म्हणाली होती की दुधात फळ घालणे म्हणजे दुखणे विकत घेणे. कोणाचेही पोट दुखले नाही. उलट तिचे यजमान गुणवंतराव, ज्यांनी इतक्या वर्षांत पन्ह्याचा दुसरा पेला कधी मागितला नव्हता, त्यांनी त्या दिवशी रिकामा द्रोण पुढे करून "अजून आहे का?" असे विचारले. तो पुढे झालेला द्रोण वच्छला विसरली नाही. भगिनींनो, मोठी दुःखे माणूस गिळून टाकतो. असा एखादा द्रोण मात्र घशात अडकून बसतो.

अक्षयतृतीया जवळ आली तशी वच्छलेच्या मनाची काहिली वाढली. रंभेच्या चुलीकडे ओले सरपण जाऊ लागले. रंभेने वेलदोडे मागितले तर "संपले," असे उत्तर मिळाले. ते कोठीतल्या फळीवर डब्यात होते आणि डब्यावर वच्छलेने स्वतःच्या हाताने फडके टाकले होते. कोठी उघडायला गुणाबाईंकडून किल्ली वच्छलाच मागून नेत असे, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. घरातली शिंदीची केरसुणीसुद्धा आता किल्ली कोणाकडे जाणार हेच कुजबुजते, असे तिला वाटे.

सणाचा दिवस उजाडला. सोयरेधायरे येणार, चामोर्शीहून गुणाबाईंचे भाचे इसरूभाऊ येणार, पंगत मोठी बसणार. परसात कडुनिंबाखाली रंभा फळांच्या राशीपुढे विळी घेऊन बसली होती आणि काम काही आवरत नव्हते. तेवढ्यात जंगलपाड्यावरची बुधरी टोपली घेऊन आली. दर उन्हाळ्यात ती या घरी खिरण्या, टेंभरे, चारोळी आणून देई आणि बदल्यात सुपाने धान नेई. तिच्या आधी तिची माय सुकरी येत असे. टोपली ठेवून ती सावलीत टेकली, तशी रंभेने दुसरी विळी तिच्यापुढे सरकवली.

बुधरीने हात मागे घेतला. "लहान्या बाई, माह्या हातचं फळ चालते तुमच्या घरी. चिरलेलं नाई चालत."

"म्हणजे कसं?"

"अख्ख्या फळाले विटाळ नाई. विळी लागली का लागला." पाऊस कधी येतो हे सांगावे, इतक्या सहजपणे तिने ते सांगितले.

रंभा हसली. "मंग तो विळीचा विटाळ झाला, तुमचा कुठचा? बसा, हात चालवा. ऊन वर येऊन राह्यलं."

बुधरी क्षणभर घुटमळली. मग तिने पदर खोचला आणि खरबूज हातात घेतले.

पळसाच्या पत्रावळी नेण्यासाठी वच्छला त्याच वेळी मागच्या दाराशी आली होती. तिने सारे पाहिले, सारे ऐकले. घरच्या रीतीप्रमाणे तिने धावत जाऊन विळी काढून घ्यायला हवी होती. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाही होता. तो तिने मागे घेतला. फोडी दुधात पडू देत. द्रोण भरू देत. सारे सोयरे पानावर बसू देत. बिजागरी वाजू नये म्हणून तिने दार हळूच लोटले, आणि पत्रावळी न घेताच ती परतली. त्या सकाळी प्रथमच तिला गार वाटले.

दुपारी चौकात पंगत बसली. भिंतीशी पाटावर पितरांच्या घागरी मांडल्या होत्या. त्यांत धुरपताबाईंच्या नावाचीही घागर होती. देवघराशेजारी गुणाबाई आपल्या पाटावर ताठ बसल्या होत्या. वरण-भात झाला, पुरणपोळी झाली, आणि रंभा मडके घेऊन द्रोण भरत पंगतीच्या टोकापर्यंत गेली. इसरूभाऊंनी द्रोण उचलला.

"थांबा," वच्छला म्हणाली. "द्रोणाले हात लावू नका. हे फळं बुधरीनं चिरले आहेत. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

इसरूभाऊंचा हात तोंडापाशी थांबला. रंभेच्या हातातला पळा मडक्याच्या काठावर वाजला. परसातली बोलणीसुद्धा थांबली, कारण मागचे दार उघडे होते आणि बुधरी धानासाठी तिथेच बसली होती. सगळ्यांनी गुणाबाईंकडे पाहिले.

गुणाबाईंनी रंभेकडे पाहिले नाही. "वच्छला, कवा पाह्यलं तू?"

"सकाळी, मामीजी. पत्रावळी आणाले गेली तवा."

"मंग तवाच काऊन नाई बोलली?"

प्रश्न इतका लहान होता, की त्यातून निसटायला कुठे जागाच नव्हती.

"घराले आग लागलेली दिसली," गुणाबाई म्हणाल्या, "तं मानूस पानी घेऊन धावते, का पंगत बसाची वाट पाह्यते? तुले विटाळ खरा वाटला असता, तं तू तिथंच विळी हिसकून घेतली असती. एवढे पानं बाटू देल्ले नसते. तू वाट पाह्यली. धरम वाट पाहत नाई, बाई. वाट पाह्यते ते पोटातलं जळनं."

आणि मग त्यांनी भर पंगतीत सांगितले ते त्या घरात आजवर फक्त एका सासूने एका सुनेला सांगितले होते.

पटकीच्या साथीत गाव ओस पडले, त्या उन्हाळ्यात गुणाबाई नव्या नवरी होत्या. घरातली सगळी माणसे जंगलपाड्याच्या आसऱ्याला गेली. तिथे धुरपताबाईंना ताप भरला. अन्नाचा घास उतरेना. तेव्हा बुधरीची माय सुकरी रोज खिरण्या आणि टेंभरे आपल्या हाताने चिरून, बी काढून, कुस्करून त्यांच्या तोंडात घालीत असे. त्यावरच त्या वाचल्या. निघताना सुकरीचा हात धरून त्या म्हणाल्या, "येत्या अक्षयतृतीयेले माह्या पंगतीत तुहं पान मांडीन." सुकरी हसली होती. गाव पुन्हा वसले, घर सारवले गेले, आणि जंगलातली गोष्ट जंगलात राहिली. सुकरी दर उन्हाळ्यात फळे घेऊन येई, मागच्या दारातून एकदा चौकाकडे पाही, आणि धान घेऊन जाई. तिने कधी विचारले नाही. मरणाआधी धुरपताबाईंनी गुणाबाईंच्या पदराला किल्ली बांधली आणि एवढेच म्हणाल्या, "सुकरीचं पान राह्यलं."

"किल्लीसंगं ते मले भेटलं," गुणाबाई म्हणाल्या. "म्याही लोकाइले भेऊन मांडलं नाई. आज ज्या घागरीपुढं तुमी हात जोडले ना, ते माही सासू बुधरीच्या मायच्या हातच्या चिरलेल्या फळावर जगली. तिले चाललं. आता ज्याले चालत नसंन त्यानं उठावं. म्या कोनाले धरत नाई."

त्यांनी द्रोण उचलला आणि तोंडाला लावला.

एक वयस्क सोयरे उठले, हात धुतले आणि चपला घालून निघून गेले. त्यांना कोणी थांबवले नाही. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. मग इसरूभाऊ म्हणाले, "मामी, तुमची सासू यानं जगली, तं मी का मरतो?" आणि त्यांनी द्रोण रिकामा केला. कोणी तरी हसले. पळा पुन्हा वाजू लागला.

गुणाबाईंनी पदराची गाठ सोडली. लांबलचक लोखंडी किल्ली त्यांनी वच्छलेपुढे जमिनीवर ठेवली.

"मामीजी," वच्छला खालच्या मानेने म्हणाली, "मले वाटलं, तुमी रंभेले..."

"मोठ्या सुनेचं नाव घ्या लागते का? किल्ली तुहीच होती. कालही होती." त्या जरा थांबल्या. "पन संगं सुकरीचं पान आहे. घेशीन तं दोनी घे. नाई तं राहू दे."

वच्छला किल्लीकडे पाहत राहिली. ज्यासाठी ती इतके दिवस जळली, ते कोणी तिच्यापासून हिरावणारच नव्हते! रंभेच्या द्रोणाने तिचे पन्हे कमी झाले नव्हते. कमी झाली होती ती स्वतःच. तिने किल्ली उचलली, कोठी उघडली, आणि सगळ्यांत आधी फळीवरचा फडक्याखालचा डबा काढला.

रंभेने वेलदोडे पाहिले. "संपले होते नं, मोठ्या बाई?"

"सापडले," वच्छला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला. पण तिने ते स्वतः कुटले आणि मडक्यात घातले.

मग ती परसात गेली. बुधरी धान न घेताच रिकामी टोपली काखेला मारून उभी राहिली होती.

"बुधरीबाई, आत चाल."

"काऊन? विळी धुवाले?"

वच्छलेने तो टोला मुकाट्याने घेतला. तो तिच्या वाट्याचाच होता. "नाई. पान मांडाचं आहे."

"कोनाचं?"

"तुह्या मायचं. तिच्या जागी तुले बसाचं आहे."

बुधरीने मागच्या दारातून एकदा चौकाकडे पाहिले. मग टोपली निंबाला टेकवली आणि रांजणातल्या पाण्याने पाय धुतले.

वाचकहो, कायद्याने अस्पृश्यता गुन्हा ठरवली आहे, आणि ते योग्यच झाले. पण उंबऱ्याच्या आत कायद्याचा शिपाई नसतो. तिथे आपणच असतो. कोणाच्या हातचे चालत नाही, असे म्हणण्याआधी प्रत्येक गृहिणीने आपल्या मनाला गुणाबाईंचा प्रश्न विचारून पाहावा : हे मी आताच का बोलते आहे? पुष्कळदा आपण ज्याला सोवळे म्हणतो, ते धुतलेले लुगडे नेसलेला आपला मत्सरच असतो. आणि त्याची झळ ज्यांना लागते, ती माणसे आपल्या भांडणात कुठेच नसतात. ती परसात धानाची वाट पाहत बसलेली असतात.

वच्छलेने पंगतीतच, धुरपताबाईंच्या घागरीसमोर, पत्रावळ मांडली. बुधरी बसली. वच्छलेने तिला आधी आपले पन्हे दिले, मग वरण-भात, पोळी, आणि शेवटी रंभेच्या हातून मडके मागून घेऊन द्रोण काठोकाठ भरला. बुधरी सावकाश जेवली. कोणी घाई केली नाही. द्रोणाच्या तळाची शेवटची खिरणी तिने बोटाने काढून खाल्ली, घागरीकडे एकदा पाहिले, आणि रिकामा द्रोण पत्रावळीवर पालथा घातला.

"मायचं पान झालं," ती म्हणाली. "धुरपताबाईकडं आता काई बाकी नाई."

मग तिने दुसरा, कोरा द्रोण वच्छलेपुढे धरला.

"आता माह्या नावानं वाढा. गोड झालं आहे."