कार्बनचे चार हात

"कातारीबुवा, तुमचा कार्बन आडवा झालाय हो!" रसायन शिकवणाऱ्या बाईंनी लेथशेजारी पिशवी रिकामी केली. काळे लाकडी गोळे भुशात घरंगळले.

"आडवा कशानं होईल? ताप आलाय का त्याला?" माझे सासरे म्हणाले, पण हसले नाहीत. चाळीस वर्षं लेथवर लाकूड कातताना त्यांच्या हातची एकही वस्तू परत आली नव्हती. खुर्च्यांचे पाय, कपाटांच्या मुठी, जिन्याचे कठडे. गेलं ते गेलंच. आता तसली कामं येईनाशी झाली होती. मुलांना रेणू जोडून दाखवायचे हे ऐंशी गोळे, एवढंच काय ते दुकानात उरलं होतं.

बाईंनी एका गोळ्यात चार काड्या खोचल्या. अधिकच्या चिन्हासारखा तो सपाट दिसला.

"पुस्तकात असाच आहे," बाबा म्हणाले. "चित्र समोर ठेवून भोकं पाडलीत मी."

"कागदाला जाडी कुठे असते, बुवा? खरा कार्बन चारही हात एकमेकांपासून होतील तेवढे लांब धरतो. शुक्रवारपर्यंत जमेल? नाहीतर प्लॅस्टिकचे मागवते."

"प्लॅस्टिकचे कशाला?" बाबा एवढंच म्हणाले.

लेथच्या घरघरीशिवाय बाळ झोपत नसे, म्हणून दुपारी मी त्याला घेऊन दुकानातच बसायची. त्या दोन दुपारी मात्र लेथ बंद होता. बाबा मेणाच्या गोळ्यात काड्या खोचत, काढत, परत खोचत. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात भुसा तरंगत होता. बाळाला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला, आणि वाटलं, त्या कणाकणाला इवलेसे हात आहेत. ते हवेत चाचपडताहेत, कुणाचा तरी हात सापडला की थांबताहेत. मांडीवर बाळाची मूठ माझ्या बोटाभोवती मिटली होती. आपलं बोट कुठलं न् त्याची मूठ कुठली, कळेना.

"सूनबाई, हे बघ."

मेणाचा गोळा तीन काड्यांवर उभा होता, चौथी थेट छताकडे. बाबांनी तो उलटून दुसऱ्या तिघींवर ठेवला. पुन्हा चौथी छताकडे.

"कुठल्याही तिघींवर ठेव, उरलेली सरळच. रुसलेल्या भावंडांसारखी बसलीत बघ. एकमेकांना शिवायचं नाही!"

मग लेथ सुरू झाला आणि बाळ झोपलं. ऐंशी गोळे नव्यानं उतरले. टेकूवर टेकलेलं हत्यार बाबांच्या हातात अजून सरळ चाले. भोकांसाठी त्यांनी साचा केला: ठोकळ्यात एक कललेली खुंटी. पहिलं भोक तिच्यावर बसवायचं, गोळा तिसरा हिस्सा फिरवायचा, वरून हातातल्या गिरमिटानं पुढचं भोक पाडायचं. पण गिरमिटाला टेकू नव्हता. सपाट गोळ्यांत थोडं इकडेतिकडे खपून गेलं होतं, इथे खपेना. पहिला गोळा काड्यांवर कलला. दुसरा कलला. तिसरा तर पडलाच.

बाबांनी उजवा हात डाव्या हातात धरला. तो थरथरत होता. केव्हापासून, कोण जाणे. मी बाळाचं दुपटं सारखं करत बसले, वर बघितलं नाही.

"इकडे ये," ते म्हणाले. "मी गोळा धरतो, तू गिरमिट फिरव."

"मला काय येतंय त्यातलं, बाबा?"

"बाळाला थोपटतेस ना? तसंच. घाई नाही, जोर नाही."

माझा पहिला गोळा उभा राहिला. बाबांनी तो चारही बाजूंनी उलटून पाहिला आणि पुढचा साच्यात लावला.

शुक्रवारी बाईंनी चार गोळे ओळीत जोडले, पाचवा दुसऱ्याला लावला.

"आता याचं नाव सांगायचं तर लांबात लांब साखळी बघायची. चारांची, म्हणजे ब्यूटेन. फांदी जवळ पडेल त्या टोकाकडून मोजायचं. हा टू-मिथाइल ब्यूटेन."

"म्हणजे नाव ठेवायचं नाही, मोजायचं?" बाबा म्हणाले. "बरंय. आमच्याकडे नातवाच्या नावावरून तीन आठवडे भांडण चाललं होतं."

बाई हसल्या. एक गोळा उन्हात फिरवत म्हणाल्या, "झकास उतरलंय, बुवा! पुढच्या वर्षी आणखी शंभर लागतील. द्याल ना?"

"तिला विचारा," बाबा म्हणाले. "भोकं तिच्या हातची आहेत."

आणि ते लेथमागून बाहेर आले, दाराजवळच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पाय जवळ घेऊन, हात मांडीखाली दाबून, ते समोरचा लेथ बघत राहिले. परक्याच्या दुकानात आपला नंबर यायची वाट बघावी, तसे.