धक्क्याचं टोक

आरोंद्याच्या खाडीत मच्छिमार संस्थेचा धक्का अर्धवट उभा होता, आणि तो तसा का उभा आहे याच्या दोन हकिगती पंचक्रोशीत फिरत होत्या. संस्थेचे चेअरमन भिकाजी कोचरेकर सांगत, ठेकेदार काम टाकून पळाला. ठेकेदार जितेंद्र रेडकर शिरोड्याला बसून सांगे, संस्थेने माझं बिल अडवलं.

जितेंद्र काही लबाड माणूस नव्हता. वडिलांच्या हाताखाली गवंडीकामापासून शिकत वर आलेला, रेडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्याच्या कामाला नाव होतं. या धक्क्याचे किनाऱ्याकडचे खांब त्याने झटपट उभे केले. पण टोकाच्या खांबांना कातळ लागेना. संस्थेच्या नकाशात जिथे कातळ दाखवला होता तिथे नुसता चिखल, आणि त्याखाली आणखी चिखल. खांब ठरल्यापेक्षा कितीतरी खोल न्यावे लागले. त्या जादा कामाचं बिल लावलं तेव्हा संस्थेने करारातल्या एका कलमावर बोट ठेवलं: लेखी परवानगीशिवाय जादा काम ग्राह्य नाही. जितेंद्रकडे तसा कागद नव्हता. टोकाचं उरलेलं काम तसंच टाकून त्याने रागाने यंत्रं उचलली. संस्थेने दंडाची नोटीस पाठवली. त्यावर त्याच्या वकिलांनी दावा लावला, आणि त्यात जादा कामाबरोबर रिकाम्या बसलेल्या यंत्रांचं भाडंही घातलं.

करारातच लिहिलेलं होतं की वाद झाला तर दोघांनी मिळून लवाद नेमावा. दोघांना पटेल असं एकच नाव निघालं, कुडाळच्या सुगंधा वालावलकर. पूल आणि धरणांच्या कामावर हयात घालवलेल्या, आता निवृत्त इंजिनिअर.

पहिल्या बैठकीला जितेंद्र गेला तो अस्तन्या सरसावूनच. बाईंच्या घराच्या पडवीत एक टेबल आणि सारख्या उंचीच्या खुर्च्या होत्या. कोकम सरबत आलं. बाईंनी बसल्याबसल्या सांगितलं, "माझं माहेर आरोंद्याचं. संस्थेत माझा चुलतभाऊ सभासद आहे. कुणाला हरकत असेल तर आत्ता बोला, मी आनंदाने बाजूला होईन. उद्या बोललात तर चालायचं नाही."

वकील जितेंद्रच्या कानाशी लागले. जितेंद्रने बाईंकडे पाहिलं. ज्या माणसाला लपवायचं असतं तो असं तोंडावर सांगत नाही, असं त्याच्या मनात आलं. "हरकत नाही," तो म्हणाला, आणि तसं लिहून दिलं.

"छान. आता आकडे मिटून ठेवा. वकीलसाहेब, तुमचं मी सगळं ऐकणार आहे, पण नंतर. जितेंद्र, भिकाजींचं म्हणणं काय आहे ते तुम्ही मला सांगा."

"माझं म्हणणं सांगू ना?"

"तुमचं भिकाजी सांगतील. तुम्ही त्यांचं सांगा. त्यांनी 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हटलं पाहिजे."

जितेंद्र हसला. यात काय अवघड आहे! "ह्यांचं म्हणणं, मी उशीर केला, म्हणून पैसे द्यायचे नाहीत."

"नाय," भिकाजी म्हणाले.

"ह्यांना फुकटात काम करून पाहिजे."

"नाय रे बाबा!"

त्याने आणखी दोनदा सांगून पाहिलं, म्हाताऱ्याची मान काही हलेना. मग भिकाजींची पाळी आली, तेव्हा त्यांचीही तीच गत झाली. वकील घड्याळाकडे बघू लागले. बाईंचा चेहरा मात्र जराही त्रासलेला नव्हता. सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ विचारून घेऊन त्या म्हणाल्या, "चला, धक्क्यावर भेटू."

वकील आणि संस्थेचा सेक्रेटरी यांच्यासह सगळे आरोंद्याला पोचले तेव्हा खाडीचं पाणी ओसरू लागलं होतं. बाईंनी साडीचा पदर खोचला, पायात कॅनव्हासचे बूट चढवले आणि भिकाजींच्या होडीत कुणाचा हात न धरता चढल्या. खांबांच्या रांगेतून होडी पुढे गेली. प्रत्येक खांबापाशी त्या थांबायला लावत, काँक्रीटवर हात फिरवत, नकाशाशी ताडून बघत. टोकाच्या खांबांपाशी आल्यावर म्हणाल्या, "काम सुरेख झालंय." जितेंद्रला उगीचच शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

परत फिरताना होडी चिखलात रुतली. समोर मासेमारीच्या दोन होड्या आल्या होत्या, पण त्यांनाही धक्क्यापर्यंत येता येत नव्हतं. त्या खाडीच्या मधल्या खोल भागातच थांबल्या होत्या, आणि बायका मांडीइतक्या चिखलातून डोक्यावर टोपल्या घेऊन किनाऱ्याकडे येत होत्या. एक एक पाय उपसून काढायचा, तो पुढे टाकायचा, तोल सावरायचा, की पुन्हा दुसरा. एकीचा हात प्लास्टरमध्ये होता. ती दुसऱ्या हाताने टोपली सावरत होती.

"हिच्या हाताक काय झाला?" जितेंद्रने भिकाजींना विचारलं.

"पडली. हयच."

बाई म्हणाल्या, "जितेंद्र, सुकतीच्या वेळी तुम्ही इथे कधी आला होतात?"

जितेंद्र विचारात पडला. त्याचं यंत्र तराफ्यावर होतं, आणि तराफा तरंगायचा तो भरतीलाच. भरती आली की कामाला लागायचं, पाणी उतरू लागलं की निघायचं. या जागी त्याने महिनोन्‌महिने काम केलं होतं, पण धक्का ज्या वेळेसाठी पाहिजे होता ती वेळ त्याने एकदाही पाहिली नव्हती.

"कधीच नाही," तो म्हणाला.

किनाऱ्यावर माडांच्या सावलीत बसल्यावर त्याने आपणहून तोंड उघडलं. बाईंनी विचारलंही नव्हतं.

"भिकाजीकाका, तुमचा म्हणणा असा. टोक झाल्याशिवाय ह्यो धक्को तुमच्या काय कामाचो नाय. मी मागचे सगळे खांब उभे केले, तरी सुकतीक होडी लागणा नाय. म्हणान मी किती काम केलंय ह्याचो हिशोब तुमका नको. तुमका ह्या बायकांचे पाय चिखलातसून भायर काढूचे आसत. बरोबर?"

भिकाजींची मान हलली. मग म्हणाले, "होय. ह्याच माझा म्हणणा."

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

भिकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ह्येचा म्हणणा, कातळ नाय लागलो ह्यो माझो दोष न्हय. नकाशो तुमचो. मी तुमका इचारलंय, आनि तुमीच सांगितलास, खोल ने." ते थांबले. आपल्याच शब्दांपाशी अडखळल्यासारखे. मग बाईंकडे वळून म्हणाले, "आनि ता खरा आसा. माका तेना धक्क्यार बोलावल्यान. मीया म्हटलंय, ने खाली, मागसून बघूया. मगे कमिटीत कागद मागितल्यानी, तेवा मी गप ऱ्हवलंय."

संस्थेचा सेक्रेटरी दचकून त्यांच्याकडे बघू लागला. ही एक कबुली दिली नसती तर संस्थेची बाजू अभेद्य होती, हे जितेंद्रलाही कळत होतं. समोरच्याने एवढं दिल्यावर आपण हात आखडून बसणं त्याला जमेना.

"बाई, माझंही एक लिहून घ्या," तो म्हणाला. "बिल अडवल्यावर यंत्रं रिकामी बसली असं दाव्यात लिहिलंय. ती रिकामी नव्हती. मी ती शिरोड्याला दुसऱ्या कामावर नेली होती. आणि बिल अडायच्या आधीसुद्धा थोडे दिवस नेली होती."

वकिलांनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की जितेंद्रला ती पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली. त्या नजरेत जिंकल्याचा आव नव्हता, दोघांबद्दलचा आदर होता.

त्यानंतर कुडाळला रीतसर बैठका झाल्या. वकिलांना मनसोक्त बोलू दिलं गेलं. दरम्यान संस्थेने एकदा बाईंकडे ताज्या सुरमईची टोपली पाठवली, ती तशीच परत आली. सोबत निरोप, निकाल झाल्यावर मी स्वतः बाजारात येऊन विकत घेईन. निकालाआधी बाईंनी आणखी एक गोष्ट करून घेतली. ज्या रकमेबद्दल दोघांचंही दुमत नव्हतं ती वेगळी काढली. संस्थेने ती लगेच द्यावी आणि जितेंद्रने लगेच काम सुरू करावं, वाद त्याच्या जागी चालू राहील. "भांडण थांबेपर्यंत धक्का थांबवायचं काही कारण नाही," त्या म्हणाल्या, आणि इतकी सोपी गोष्ट आपल्याला का सुचली नाही याचं दोघांनाही नवल वाटलं.

निकाल आला तेव्हा जितेंद्र तराफ्यावर होता. जादा खोलीचे पैसे कराराच्या दराने मिळणार होते. लेखी परवानगीचं कलम, बाईंनी निकालात म्हटलं होतं, मालकाला नकळत खर्च वाढू नये म्हणून असतं. इथे मालकाच्या चेअरमनने स्वतः उभं राहून काम पाहिलं आणि होकार दिला. यंत्रांच्या भाड्याची मागणी पूर्ण फेटाळली होती. उशिराचा दंडही लावला होता, पण फक्त बिल अडायच्या आधी शिरोड्याला यंत्रं नेली तेवढ्याच दिवसांचा. प्रत्येक वाक्यामागे कारण होतं, आणि हरलेल्या बाजूलाही समजेल अशा भाषेत होतं.

वकिलांचा फोन आला. "अपील करू. दंडाच्या बाबतीत वाव आहे."

"दंड बरोबर आहे," जितेंद्र म्हणाला. "मला बाईंच्या जागी बसवून कुणी विचारलं असतं, तर मीही एवढाच लावला असता."

धक्का पुरा झाला. पहिल्या दिवशी मुद्दाम सुकतीच्या वेळीच होडी लावली. प्लास्टर निघालेली ती बाई कोरड्या पायांनी काँक्रीटवरून चालत आली, आणि मधेच थांबून पाय आपटून बघून हसली.

पुढच्या वर्षी संस्थेने बर्फघराचं काम काढलं आणि ते जितेंद्रलाच मिळालं. करारावर सही करण्याआधी तो आणि भिकाजी संस्थेच्या ओट्यावर बसून एकेक कलम मोठ्याने वाचत होते.

"ह्येचो अर्थ काय?" भिकाजींनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"माका नीट कळणा नाय."

"मगे सही खंयची करतंस? लाव फोन कुडाळाक."

जितेंद्रने फोन लावला. बाईंनी ओळ ऐकून घेतली, म्हणाल्या, "सल्ला देणार नाही हं, उद्या तुम्ही पुन्हा भांडलात तर मला बसावं लागेल. पण तुम्हा दोघांना वाचून कळत नसेल, तर ती ओळ पुन्हा लिहा."

मग ते दोघे ती ओळ लिहायला बसले. खोडत, वाद घालत, एकमेकांच्या हातातलं पेन ओढून घेत, त्यांनी दुपार केली.