घरगाडीची गळती

सोमाजीने डोळे मिटून घेतले, पण थेंब पडायचा तो नेमका पापणीवरच पडला.

घरगाडीच्या पोटाखाली तो उताणा पडला होता आणि वरच्या नळीच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. ते कुठून येतंय हे मघाशीच कळलं होतं. कसलं आहे, एवढंच कळायचं राहिलं होतं. वास घेऊन पाहायची त्याची हिंमत होत नव्हती. घेतला आणि कळलं, तर मग काय करायचं?

"गिरा क्या, मिस्त्री?" गाडीच्या पायरीवर बिडी ओढत बसलेल्या बाबुलाल ड्रायव्हरने विचारलं.

"पाणीच आहे ना गा हे?"

"अब ये तो साहब जाने."

सोमाजी ढिवर. तलावात जाळं टाकणारा. पण त्याचं नाव होतं ते डोंग्यांसाठी. पंचक्रोशीत कोणाचाही डोंगा गळायला लागला की राळ, तेल आणि अंबाडीचा दोर घेऊन तोच जायचा. सकाळी पुण्याकडच्या दातेसाहेबांनी चारचौघांत त्याला 'मिस्त्री' म्हटलं आणि गाडीची पाण्याची टाकी गळते असं सांगितलं. 'मिस्त्री' ऐकून तो इतका हुरळला की कोणती टाकी, हे विचारायचं राहून गेलं. ती संडासाची निघाली. तोवर तो गाडीखाली कमरेपर्यंत शिरला होता, आणि आत शिरलेला मिस्त्री काम न करता बाहेर आला तर त्याला मिस्त्री कोण म्हणणार?

दातेसाहेबांचं खातं खेड्यापाड्यांत संडास बांधा म्हणून सांगायचं. नुसतं सांगून लोकांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून सरकारने लॉरीवर एक घरच बांधून त्यांना दिलं होतं. आत खाट, टेबल, स्टोव्ह, आणि फळीच्या आडोशाला साखळीचा पांढराशुभ्र कमोड. गावकरी रांगेने आत जात, आधी स्टोव्ह बघत, मग कमोड बघत, मग दोहोंमधलं अंतर बघत आणि दुसऱ्या दाराने उतरत. "मी स्वतः रोज वापरतो," साहेब प्रत्येक गावात सांगत. "मला काय झालं?" आज संध्याकाळी नागपूरचे मोठे साहेब जीपने येऊन हे सगळं डोळ्यांनी पाहणार होते.

एरवी अशा कामाला ज्यांना हाक मारायची गावाची खोड होती, त्यांनी दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून ते काम सोडलं होतं. आपली घाण दुसऱ्याने का उचलावी, या त्यांच्या प्रश्नावर गाव अजून विचार करत होतं.

तलावाच्या पाळीवरून चपलांचा आवाज आला. सोमाजीने मान तिरकी केली. त्या चपला त्याच्या ओळखीच्या होत्या. मनसाराम. शुक्रवारी सोमाजीच्या लेकीचं, गिरजाचं साक्षगंध ठरलं होतं ते याच मनसारामच्या मुलाशी. आणि गेल्या साली मेलेली म्हैस ओढली म्हणून एकाला सहा महिने जातीबाहेर बसवलं, त्या पंचांतही हाच मनसाराम होता.

चपला थांबल्या. मनसाराम गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

"तिथी का करून राह्यला गा, सोमाजी?"

"टाकी गळून राह्यली, भाऊ."

"कायची टाकी?"

"पाण्याची."

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मनसारामने गाडीकडे पाहिलं, ठिबकणाऱ्या नळीकडे पाहिलं, सोमाजीच्या ओल्या कपाळाकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. शुक्रवारचं काहीच बोलला नाही.

सोमाजी बाहेर आला. बसला, उठला, पुन्हा बसला. दोन वेळा तलावावर जाऊन हात धुऊन आला. अजून कशालाही हात लावला नव्हता तरी. बायकोला, कुंताला, जाऊन सांगावं असं त्याला वाटलं. पण कुंता आधी रडेल, मग आंघोळ घालेल आणि मग विचारेल, तोवर संध्याकाळ होईल.

"करते हो या नहीं?" बाबुलालने दुसरी बिडी पेटवली. "नहीं तो मैं साहब को बोल देता हूँ, मिस्त्री डर गया."

"डरलो नाई. पाना दे."

तो पुन्हा गाडीखाली शिरला. श्वास रोखून त्याने सांधा सैल केला. नळी हातात आली, तिच्यासोबत आतली चामड्याची कडीही. ती वाळून चिंचेच्या टरफलासारखी झाली होती. बोटाने दाबली तर कुरकुरली.

सोमाजीने रोखलेला श्वास सोडला.

डोंगा पाण्यात असला तर गळत नाही. तो बांधावर उन्हात पडून राहिला, लाकूड वाळलं, फटी सुटल्या, की गळतो. एवढं त्याला आयुष्याने शिकवलं होतं. त्याने नळीत बोट घातलं. आत काहीतरी टणक लागलं. काटकीने टोकरल्यावर ते अलगद सुटून तळहातावर आलं. कुंभारीण माशीचं घर. बोराएवढं, गोल, पिवळ्या मातीचं, वर पिल्लू उडून गेल्याचं भोक. बाहेरून आज भरलेल्या पाण्याने जरा ओलं, आतून कोरडं ठणठणीत.

ते तळहातावर घेऊन तो बाहेर आला आणि समोर दातेसाहेब उभे.

साहेबांनी मातीकडे पाहिलं.

"किती दिवस लागतात या माशीला?" त्यांनी विचारलं.

"बांधाले दोन रोज. पर पिल्लू उडून जाले महिना लागते, साहेब."

बाबुलाल उठून गाडीच्या पुढच्या बाजूला गेला. तिथे त्याला चाकात काहीतरी पाहायचं होतं.

साहेबांनी टोपी काढली, आत फुंकर मारली, पुन्हा घातली. "एका हातावर स्टोव्ह आहे हो," ते हळूच म्हणाले. "मी प्रयत्न केला होता. मुरमाडीला एकदा. नुसता बसून राहिलो. मन होत नाही."

"नाई होत जी," सोमाजी म्हणाला. "कोनाचंच नाई होत."

"दुरुस्त होईल ना?"

"होईल."

साहेब आता गप्प राहायचं वचन मागतील असं सोमाजीला वाटलं. त्यांनी काही मागितलं नाही. मातीच्या त्या गोळीकडे एकदा पाहून ते निघून गेले, आणि हेच जास्त जड झालं. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

त्याने चामडं मोहाच्या टोळीच्या तेलात भिजत घातलं, सांध्याभोवती दोर आवळला, राळ तापवून लिंपली. गोळी मात्र धोतराच्या सोग्यात बांधून ठेवली. ही मनसारामपुढे ठेवली की झालं. बघ भाऊ, यात आजवर कोणी बसलंच नाही. मी विटाळलो कुठी?

उन्हं कलली तशी जीप आली. मोठे साहेब उतरले, माळ घालून घेतली, घरगाडीत डोकावले. गाव जमलं होतं. दातेसाहेबांनी साखळी ओढली. पाणी घळघळा उतरलं, नवा केलेला खड्डा पिऊन गेला, आणि सांध्यातून एक थेंब पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंगा पाण्यात सोडला की वाजवतात तशाच.

सोमाजीच्या कानाशी आवाज आला.

"हात घातला तू त्यात?"

मनसाराम शेजारी उभा होता. समोर बघत होता.

सोमाजीने सोगा सोडवून गोळी मुठीत घेतली. तिकडे पायरीवर दातेसाहेब बोलायला लागले होते. "बंधूंनो, मी स्वतः..." आणि त्यांची नजर सोमाजीवर पडली. त्याच्या मुठीवर पडली. पुढचा शब्द त्यांना सापडेना. मोठ्या साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

सोमाजीने मूठ आवळली. माती वाळलेलीच होती. आवाजही झाला नाही.

"घातला, भाऊ," तो म्हणाला.

"मी स्वतः या मिस्त्रींचा आभारी आहे," साहेब पायरीवरून म्हणाले.

मनसाराम थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिला. मग म्हणाला, "धुतले ना?"

"चार डाव."

"मंग झालं. त्यात आहे का विटाळाले?"

सोमाजीने त्याच्याकडे पाहिलं.

"चार रोज झाले तुहा साहेब पहाटे पाळीवर येते, टिनाचा डबा घेऊन," मनसाराम ओठ न हलवता म्हणाला. "मी बोरीमांगं असतो. तो खाकरते, मी खाकरतो. तो तिकडं पायते, मी इकडं. साऱ्या गावाले मालूम आहे. तू त्या वक्ताले पाण्यात असतं, तुले कसं समजन?"

"मंग कोनी बोललं काऊन नाई?"

"पाव्हणा माणूस," मनसाराम म्हणाला. "तोंडावर कसं बोलाचं? शुक्रवारी सात जणं येऊ. कुंताबाईले सांगजो, मासे मोठे पायजेत."

सोमाजीने मूठ उघडली. चिमूटभर पिवळा भुगा होता. तो त्याने धोतराला पुसला.

निघताना त्याने बाबुलालला गाठलं. साहेब दारातच उभे होते, म्हणून तो जरा मोठ्याने बोलला. "चामडं वाळू देऊ नोका. रोज एकडाव तरी पाणी सोडा. नाई तं आलापल्लीले जातपर्यंत पुन्हा गळन."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो जाळं टाकून डोंग्यात बसला होता. पाळीवर दोन जण खाकरले, एक झाडीपट्टीतल्या घशाने, एक पुण्याकडच्या. मग डबा घेतलेली एक आकृती सावकाश उतरून गाडीकडे गेली, आत शिरली. दार लागलं.

तलाव अगदी शांत होता. साखळीचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. त्यामागून पाण्याचा.

सोमाजीने वल्हं वर धरून कान दिला. थेंबाचा आवाज आला नाही. मग त्याने जाळं ओढायला घेतलं.