रसवाल्या महाराजांचं हिरवं विष

पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. रसवाले महाराज एकेकाचा हात तीर्थात बुडवायचे, मग तुतीच्या रसाच्या वाडग्यात धरायचे. जांभळा रस डोळ्यांदेखत हिरवा!

"बघा, विष उतरलं!"

मग कुपीतल्या अमृताची धार. रस फसफसायचा, लालभडक व्हायचा. "रक्त शुद्ध! प्या." आणि आजारी माणूस स्वतःच्या हाताचं धुवण घटाघटा प्यायचा.

गर्दीतल्या लॉन्ड्रीवाल्या मावशींनी नाकाला पदर लावला. चाळीस वर्षं परक्यांचे मळके कपडे धुतले होते त्यांनी, पण असली घाण पाहिली नव्हती. आणि रांगेत त्यांचीच सून! तीन दिवस तिनं साखरेच्या आजाराचं इंजेक्शन सोडलं होतं. ओठ सुकलेले, पाय लटपटत होते.

"आई, आज विष निघालं की मी बरी."

"बरी? आडवी होशील, आडवी!"

मावशींनी वाडग्यात पुन्हा नजर टाकली. हा हिरवा रंग त्यांच्या नेहमीच्या बघण्यातला. नवी कामवाली तुतीचा डाग पडलेला शर्ट धुण्याच्या सोड्यात टाकायची, तेव्हा डाग अस्साच हिरवा पडायचा. मग मावशी तिच्या नावानं बोटं मोडत लिंबू चोळायच्या.

रांग मोडून त्या पुढे घुसल्या. पायातली चप्पल काढली, तीर्थात बुचकळली आणि ताज्या जांभळ्या रसाच्या वाडग्यात घातली. रस हिरवा!

"घ्या, माझ्या चपलेचंही विष उतरलं!"

"मावशी, पाप लागेल!" कुणीतरी ओरडलं.

"लागू दे, धुऊन काढीन."

त्यांनी कुपी हिसकावून वाडग्यात रिकामी केली. लिंबाचा वास सुटला. रस फसफसून लाल झाला. मावशींनी वाडगा महाराजांच्या तोंडाशी नेला.

"चपलेचं रक्त शुद्ध झालंय. प्या की!"

महाराजांनी तोंड फिरवलं. ते तोंड सगळ्या पटांगणानं पाहिलं, सुनेनंही. ती रांगेबाहेर आली.

मावशी तिला धरून तडक दवाखान्यात गेल्या. सलाईन लावून, इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुतीत, जांभळात अँथोसायनिन नावाचा रंग असतो. तीर्थातल्या सोड्यानं हिरवा होतो, कुपीतल्या लिंबानं लाल."

मावशींना ते नाव काही उच्चारता येईना. पण बायांनो, नाव कशाला हवं? घरी वाटीत रस घ्या, चिमूटभर खायचा सोडा घाला, लिंबू पिळा आणि स्वतः बघा. आणि जो स्वतःचा रस स्वतः पीत नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका.