वहिनीच्या तोंडी दिराचं नाव

तुम्ही एका बाईला भर दिवसा दुसऱ्याची बायको व्हायला लावलंत. तुम्हीच. खुर्चीचं नाव घेत नाही, कारण खुर्चीवरची माणसं बदलतात आणि खाली मरणारी तीच राहतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला तुम्ही रंग दिला, फीत कापली, ऑपरेशनची खोली बांधली आणि तिला कुलूप घातलं. पोट उघडणारा डॉक्टर तेवढा द्यायचा राहिला. त्या कुलपापायी गरडांच्या घरात काय झालं ते आता ऐका. मधूनच उठून जाऊ नका.

मथुराबाई नांदायला आली तेव्हा सासू आधीच गेलेली होती आणि धाकटा दीर रणधीर शेंबूड पुसायच्या वयाचा होता. तिनं त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, कानाला धरून शाळेत नेलं, आणि तिचा नवरा बब्रुवान धाकट्या भावावर काठी घेऊन धावला की पोराला पदराआड घेतलं. "रणध्या" म्हणायची. त्याला मिशा आल्या तरी रणध्याच.

हा रणध्या पुढं ढोकीकडं एका दूध कंपनीत सुपरवायझर झाला. कंपनीनं आरोग्य विमा दिला आणि गड्याची मान लगेच वर झाली. हॉटेलात चहा पिताना म्हणायचा, "सरकारी दवाखान्यात कुत्रं जाईना. विमा काढा, विमा. किती दिवस सरकारच्या नावानं रडणार?"

आयुब जीपवाला बशीतला चहा फुरकत म्हणायचा, "रणधीरशेठ, तुमच्या विम्यात आमची बायको नसीमबी बसती का?"

"ती कशी बसंल? तुमचा तुम्ही काढा."

"मंग दवाखानाच नीट करा म्हणावं की. त्यात सगळेच बसत्याल. नसीमबी जाडी हाय, तरी बसंल."

लोक हसायचे. रणधीरही हसायचा. त्याला वाटायचं, हसणं आयुबवर आहे.

यंदा ज्वारी काढताना मथुराबाई पोट धरून वाकली ती सरळच होईना. अंगात फणफणून ताप. सरकारी दवाखान्यातला पोरगेलासा डॉक्टर भला होता. त्यानं तपासलं, सलाईन लावली आणि निरोप मिळताच धावत आलेल्या रणधीरला बाजूला घेतलं. "पित्ताशयात खडे आहेत, पू झालाय. लवकर काढलं नाही तर फुटेल आत. माझ्याकडं सर्जन नाही, भूल देणाराही नाही. मोठ्या दवाखान्यात पळवा."

आयुबच्या जीपमध्ये घालून त्यांनी तिला एका खाजगी दवाखान्यात आणलं. सरकारी योजनेचं कार्ड होतं जवळ. काउंटरवरच्या पोरीनं ते बघितलंसुद्धा नाही.

"योजनेच्या खाटा भरल्यात. विमा आहे का?"

"हाय," रणधीर म्हणाला.

म्हणाला खरा. पण त्या विम्यात बायको बसते, लेकरं बसतात. भाऊ बसत नाही. आईच्या जागी असलेली वहिनी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. हे त्याला पाठ होतं, हॉटेलात तोच सांगायचा. मागं बाकड्यावर मथुराबाई कण्हत होती. रणधीरनं भिंतीकडं तोंड करून घरी बायकोला फोन लावला.

शिवांजलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं आधार पाठवते. जाऊबाईंना वाचवा आधी. बाकीचं देवाला काय सांगायचं ते म्या सांगते."

अशी मथुराबाई रणधीरची बायको झाली. हळद नाही, अक्षता नाही.

वॉर्डातली सिस्टर कागदावरचं वय वाचून खुर्चीतच वळली. "चौतीस? लईच ऊन लागलंय की हो बाईंना!"

"शेतात असते," रणधीर म्हणाला.

"आणि हा फोटो?"

"आधारवर कोण कुणासारखं दिसतं, सिस्टर?"

सिस्टर हसली आणि गेली. बब्रुवान दाराशी उभा होता. तो बोलायला आधीच कमी. त्या दिवशी तर त्यानं टोपी काढून हातात धरली होती, परक्याच्या घरी आल्यागत.

ऑपरेशन लागलीच करायचं होतं, पण विमा कंपनीचा माणूस बघून गेल्याशिवाय मंजुरी येणार नव्हती. तो आला. उत्कर्ष नाव होतं, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. उर्मट नव्हता. उर्मट असता तर बरं झालं असतं, शिवी तरी देता आली असती.

"मॅडम, इकडं कॅमेऱ्यात बघा. तुमचं नाव?"

"शिवांजली," मथुराबाई म्हणाली. बाकड्यावर पढवलं होतं तसं.

"मिस्टरांचं नाव?"

आता हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनवाला विचारायचा, शिरगणतीचे मास्तर विचारायचे, तेव्हा ती शेजारी उभ्या बारक्या रणधीरला कोपरानं ढोसायची, "सांग की रे." आणि पोरगं छाती काढून भावाचं नाव सांगायचं. खाटेवरही तिचं कोपर आपसूक हललं. बाजूला उभ्या रणधीरच्या मांडीला लागलं.

"सांग की रे," ती पुटपुटली.

रणधीरनं तोंड उघडलं.

"सर, तुम्ही नाही. पेशंटनंच सांगायचं," उत्कर्ष म्हणाला. मग त्याची नजर दाराकडं गेली. "हे कोण?"

"माझे थोरले भाऊ," रणधीर म्हणाला. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण खोटं पक्कं करायच्या नादात तो पुढं बोलला, "हिचे थोरले दीर."

थोरल्या दिरासमोर बाईनं डोक्यावरून पदर घ्यायचा असतो. मथुराबाईनं सलाईनचा हात वर केला, चाचपडत पदर धरला आणि स्वतःच्या नवऱ्यासमोर डोकं झाकून घेतलं. तापात होती ती, तरी हे तिला सुचलं. नाटक बिघडू नये म्हणून सुचलं.

रणधीरनं मान खाली घातली. फरशीवर आयोडिनचा डाग होता, तो बघत राहिला.

"मॅडम, मिस्टरांचं नाव? मला पुढं जायचंय."

तेव्हा दारातून बब्रुवान बोलला. "घे की नाव. घे. म्या सांगतो न्हवं."

तिनं डोळे मिटले. "रणधीर."

"पूर्ण?"

"रणधीर ज्ञानोबा गरड."

"थँक्यू, मॅडम." उत्कर्षनं टॅब मिटला. जाताना रणधीरच्या जवळ थांबून हळूच म्हणाला, "वयाचं मी काही लिहीत नाही, सर." रणधीर त्याला थँक्यू म्हणाला, तेही वाकून. त्या वाकण्याची त्याला अजून शिसारी येते.

ऑपरेशन झालं. मथुराबाई वाचली. तुम्ही म्हणाल, मग झालं की! विमा होता म्हणून वाचली!

नाही. खोटं बोलली म्हणून वाचली. तिच्या शेजारच्या खाटेवर कुणाची भावजय नव्हती, बहीण नव्हती, आयुबची नसीमबी नव्हती. ज्यांच्या घरात खोटं बोलायलासुद्धा कुणाचा विमा नाही, त्या बाया कुठं गेल्या, हे त्या वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुखणं पोटात होतं आणि दवाखाना विचारत होता नातं.

आता रणधीर सुट्टीला भावाच्या घरी जातो. बब्रुवान बैलाच्या निमित्तानं उठून गोठ्यात जातो. परवा मथुराबाई चहा घेऊन आली, कप उंबऱ्यावर ठेवला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराआडून म्हणाली, "भावजी, चहा घ्या."

भावजी!

"वहिनी, मी रणध्या," तो म्हणाला.

ती आतूनच म्हणाली, "आता त्या नावानं हाक येत न्हाय तोंडातून. राग मानू नका."

नका म्हणाली. रणध्याला.

चहा तिथंच गार झाला. रणधीरला कुणावर ओरडावं कळेना. स्वतःवर ओरडून झालं होतं, आणि तेवढ्यानं भागत नव्हतं.

म्हणून तुम्हाला विचारतो. विमा नको, योजना नको, कार्ड नको. पोट दुखणाऱ्या बाईला "तू कुणाची कोण" हे न विचारता आत घेणारा एक डॉक्टर तालुक्याला बसवायला तुम्हाला काय नडलं होतं? छापील उत्तर पाठवू नका. या, तिच्या उंबऱ्यावर बसा, आणि तोंडानं सांगा. काय नडलं होतं?