घागरीची पट्टी आणि मोटारीतली खरखर

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटं. मित्रांनो, नाक मुरडू नका. रत्नागिरीच्या गंगुबाईंनी माहेरून आणलेल्या घागरीचा मी तुकडा. तीस वर्षं विहिरीचं पाणी वाहिलं आणि रोज चिंचेनं घासून घेतलं. मी काय कुणी ऐरीगैरी नव्हे!

घागरीला भोक पडलं, तरी गंगुबाईंनी ती मोडीत घालू दिली नाही. पुढे छत्तीस साली त्यांच्या मुलानं, आप्पानं, मोटारीत रेडिओ बसवला. इंजिन सुरू झालं की त्यातून गाणं कमी नि खरखरच जास्त. इंजिन बंद करावं, तर बॅटरी इतकी लेचीपेची की पाच मिनिटांत रेडिओचा आवाज बसायचा.

रावजी मिस्त्रींनी कान लावून ऐकलं. इंजिनाचा वेग वाढला की खरखरही वाढते, हे त्यांनी ताडलं. "रेडिओ बिचारा निर्दोष आहे," ते म्हणाले. "इंजिनातल्या ठिणग्यांची वीज त्यात शिरते. इंजिन नि सांगाडा तांब्यानं जोडा, ती रेडिओला टाळून परस्पर सांगाड्यात जाईल."

त्यांनी घागरीतून मला कातरलं. एक टोक इंजिनाला, दुसरं मोटारीच्या सांगाड्याला आवळलं. खरखर थांबली! पण हार कुणाला घातला? रेडिओला. मला कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

मग आला धोंडू ड्रायव्हर. सगळी उमर गलबतावर गेलेली. उघडा धातू दिसला की याचे हात शिवशिवायचे. पावसाळ्याआधी यानं काजूच्या टरफलांचं तेल घेतलं नि गलबताच्या तळाला फासावं तसं मोटारीला फासलं. मला सोडवून टोकांसकट माखलं आणि वाळल्यावर परत आवळलं. अरे मेल्या, टोकं तरी सोडायचीस! तेलाच्या पापुद्र्यातून वीज जाते का कधी? खरखर पुन्हा सुरू झाली. धोंडू रेडिओच्या पाठीत थापट्या मारी, आप्पा मुंबईच्या दुकानदाराला शिव्या घाली.

नेमकं तेव्हाच मुंबईला दिलेल्या आप्पाच्या बहिणीचं, मथुरेचं, पत्र आलं. गुरुवारी संध्याकाळी ती रेडिओवर दहा मिनिटं गाणार होती. गंगुबाईंनी लेकीला चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

गुरुवारी त्या वेळेआधीच मोटारीत येऊन बसल्या. नुसती खरखर.

"आप्पा, हा रेडिओ आहे की जात्यात खडे दळतोयस?"

धोंडूनं इंजिन बंद केलं, बॅटरी बसू नये म्हणून रेडिओही बंद केला नि इंजिनावरचं झाकण उघडलं. गंगुबाई उतरून बघायला आल्या, नि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही माझ्या घागरीची ना रे?"

"व्हय आई. तेल लावून कशी राखलीय बघा!"

"राखलीस? काळीठिक्कर केलीस, शिंच्या! माझ्या आईनं दिलेलं तांबं ते! सोडव आधी."

"आई, गाणं सुरू होईल आता," आप्पा म्हणाला.

"तू गप बस. चिंच आण नि राख आण."

वीज कशी वाहते ते त्यांना ठाऊक नव्हतं. तांब्याची दशा पाहून त्यांचं डोकं फिरलं होतं, इतकंच. पायरीवर बसून त्यांनी मला करवंटीनं खरवडलं, मग चिंच नि राख घेऊन खसाखसा घासलं. धोंडू परत बसवायला गेला, तर वर हुकूम सोडला, "ते खालचं लोखंडही लख्ख कर. माझं तांबं घाणीवर बसायचं नाही."

मी बसले. आप्पानं इंजिन नि रेडिओ सुरू केला. खरखर गेली. मथुरेचा आवाज श्वासासकट आला, पण गाणं तोवर अर्धं होऊन गेलं होतं.

गंगुबाई मोटारीचं दार धरून उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "सूर नीट आहे. पण दम लागतो हिला. जेवत नाही धड." आणि तडक डिंकाचे लाडू करायला आत गेल्या.

त्या बुडालेल्या पाच मिनिटांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मित्रांनो, राखायचं म्हणून डोळे मिटून काहीबाही फासत सुटू नका. वस्तू कुठे काम करते ते आधी बघा. माझं सगळं काम त्या दोन टोकांत होतं. तेवढी उघडी ठेवा, वरचेवर घासा. बाकी अंगाला काय हवं ते लावा!

आता मोटार मोडीत गेली. मी आप्पाच्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. काल धोंडूनं डब्याचं झाकण उघडलं. त्याच्या हातात तेलाचा कुंचला होता.